मंत्री नसलेल्या खासदाराला एनएचएसबद्दल लिहून काही उपयोग असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई सत्तरीपार, चाळीस वर्षं इंग्लंडमध्येच. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी 'आता घरी जायला हरकत नाही' असं सांगितल्यानंतरही पाच आठवडे त्या इस्पितळातच होत्या, कारण सकाळ-संध्याकाळ घरी येऊन मदत करणारी केअरर कौन्सिलने (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेने) द्यायची की एनएचएसने (म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने), हे ठरत नव्हतं. आता त्या घरी आहेत, पण तक्रार भिजत पडली आहे. प्रश्न विचारणाऱ्या सूनबाई लिहितात, 'आमचा खासदार मंत्री नाही, मागच्या बाकावरचा आहे. त्याला लिहून काही होतं का, की नुसतं छापील उत्तर येतं?'

वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, खासदारांच्या कार्यालयांत मी बरीच वर्षं संशोधक म्हणून काम केलं. त्यातला मोठा वेळ आरोग्य खात्याला प्रश्न लिहिण्यात आणि आलेल्या उत्तरांतून काय गाळलंय ते शोधण्यात गेला. माझ्या मते लिहिण्याचा उपयोग नक्की होतो, फक्त खासदाराच्या हातात काय असतं ते आधी समजून घ्या. तो केअरर मंजूर करू शकत नाही, इस्पितळाच्या प्रमुखाला हुकूम देऊ शकत नाही, कौन्सिलचं बजेट वाढवू शकत नाही. ज्याला उत्तर देणं भाग आहे अशा माणसाला, नोंद कायम राहील अशा जागी, तो नेमका प्रश्न विचारू शकतो. ऐकायला हे फुसकं वाटेल. पण ही नोंद काही दशकांनी काय करू शकते, त्याचं उदाहरण पुढे देतो.

आधी सासूबाई कुठे अडकल्या ते पाहू. एनएचएसचे उपचार मोफत आणि पैसा केंद्राचा. सोशल केअर, म्हणजे अंघोळ घालणं, कपडे बदलणं, जेवायला देणं, केअर होममध्ये सांभाळणं, हे कौन्सिलचं काम आणि ते सरसकट मोफत नाही. इंग्लंडमध्ये गाठीला २३,२५० पौंडांहून जास्त असेल तर खर्च ज्याचा त्याने करायचा. हा आकडा २०१०पासून जागचा हललेला नाही. घरीच मदत घ्यायची असेल तर राहतं घर या हिशेबात धरत नाहीत, केअर होममध्ये कायमचं गेलं की बहुधा धरतात. यात आणखी एक वाट आहे. माणसाची मूळ गरज आरोग्याचीच आहे असं ठरलं तर 'कंटिन्युइंग हेल्थकेअर'खाली सगळा खर्च एनएचएस उचलते, मग बँकेत कितीही असो. हा निर्णय साधारण २८ दिवसांत व्हावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे एकाच म्हातारीच्या एकाच अंघोळीचे पैसे कोणी द्यायचे यावर दोन सार्वजनिक संस्था समोरासमोर येतात, आणि दोघींनाही उशीर सोयीचा असतो. गेल्या काही हिवाळ्यांत इंग्लंडमध्ये घरी जाण्याजोगे झालेले तरीही इस्पितळातच असलेले रुग्ण रोज सरासरी १२,०००च्या पुढेच राहिले आहेत.

खासदाराची पहिली अडचणही इथेच सुरू होते. जानेवारी २०१८मध्ये आरोग्य खात्याच्या नावात 'सोशल केअर' जोडलं गेलं, पण कौन्सिलांना पैसा जातो तो मुख्यतः स्थानिक स्वराज्य सांभाळणाऱ्या खात्यामार्फत आणि कौन्सिल टॅक्समधून. त्यामुळे आरोग्यमंत्र्यांना विचारलेला पैशाचा प्रश्न कधी कधी अलगद दुसऱ्या खात्याकडे वळवला जातो आणि तिथून उत्तर येतं की धोरण आरोग्य खात्याचं आहे. एनएचएसच्या बाजूलाही तेच. २०२२च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ४२ इंटिग्रेटेड केअर बोर्ड, म्हणजे आपापल्या भागातल्या एनएचएसचा कारभार पाहणारी मंडळं, उभी राहिली, आणि 'हा निर्णय स्थानिक बोर्डाचा आहे' हे खात्याचं लाडकं वाक्य झालं. मार्च २०२५मध्ये एनएचएस इंग्लंड ही मधली संस्थाच बरखास्त करून काम खात्यात आणण्याची घोषणा झाली. जबाबदारी मंत्र्यांच्या दारात आणणं हा त्यामागचा एक युक्तिवाद होता. तो खरा उतरला तर प्रश्न विचारणाऱ्यांचं काम थोडं सोपं होईल.

(तुम्ही स्कॉटलंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडमध्ये असाल तर इथेच थांबा. तिथे आरोग्य हा तिथल्या विधिमंडळाचा विषय आहे, वेस्टमिन्स्टरचा खासदार फार तर तुमचं पत्र पुढे पाठवेल.)

आता हत्यारं. सर्वांत कमी दिसणारं आणि माझ्या मते सर्वांत कामाचं म्हणजे लेखी प्रश्न. आपल्याकडचा अतारांकित प्रश्न असतो तसाच. साध्या प्रश्नाला आठवडाभरात उत्तर यावं असा संकेत आहे. ठरावीक तारखेला उत्तर हवं असेल तर तसंही मागता येतं, पण असे प्रश्न दिवसाला पाचच. सगळ्या खात्यांत जास्तीत जास्त प्रश्न आरोग्य खात्याकडे जातात. कोविडच्या काळात तर इतके साचले की उत्तरं आठवडेच्या आठवडे रखडली आणि सभागृहाच्या प्रक्रिया समितीने खात्याला जाब विचारला.

नवखा खासदार विचारतो, 'सोशल केअर सुधारण्यासाठी मंत्री कोणती पावलं उचलत आहेत?' याला तीन परिच्छेदांचं गुळगुळीत उत्तर येतं, त्यात कोट्यवधी पौंडांचे आकडे असतात आणि हाताला काही लागत नाही. मुरलेला खासदार विचारतो की अमुक बोर्डाच्या हद्दीत अमुक तीन महिन्यांत कंटिन्युइंग हेल्थकेअरचे किती निर्णय २८ दिवसांच्या पुढे गेले. आकडे प्रसिद्ध झालेले असतील तर खातं ते दाखवून देतं. मग दुसरा प्रश्न जातो: या विलंबाबद्दल मंत्र्यांनी त्या बोर्डाशी शेवटची चर्चा कोणत्या तारखेला केली? तिसऱ्यात आधीच्या उत्तराचा क्रमांक घालून विचारायचं की त्या चर्चेनंतर काय बदललं. प्रश्न जितका लहान तितकी पळवाट लहान. 'ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही' असं उत्तर आलं तर निराश होऊ नये. देशभर बारा हजार माणसं खाटांवर अडकली आहेत आणि त्यामागच्या अमुक कारणाची मोजदाद आम्ही करत नाही, हे सरकारने लेखी कबूल केलेलं असतं. 'माहिती गोळा करायला अवाजवी खर्च येईल' हे दुसरं ठरलेलं उत्तर, त्याची मर्यादा ८५० पौंड आहे. मग प्रश्नाचे तुकडे करून विचारायचं. ही सगळी उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर आणि 'दे वर्क फॉर यू' या साइटवर कोणालाही पाहता येतात. तुमच्या खासदाराचं नाव टाका आणि त्याने गेल्या वर्षभरात आरोग्य खात्याला काय विचारलं ते वाचा. सोशल मीडियावरच्या क्लिपपेक्षा माणूस तिथे जास्त कळतो.

तोंडी प्रश्नांचं मला तितकं कौतुक नाही. आरोग्यमंत्री साधारण पाच आठवड्यांतून एकदा मंगळवारी तासभर उभे राहतात, नावं सोडतीने निघतात, आणि उपप्रश्न हीच खरी संधी असते. त्यातल्या अर्ध्याअधिक संधी आपल्या मतदारसंघातल्या इस्पितळाच्या नव्या इमारतीसाठी खर्ची पडतात. दिवसाच्या शेवटी होणारी अर्ध्या तासाची तहकुबी चर्चा मात्र जपून ठेवावी अशी. सभागृह ओस असतं, खासदार पंधरा मिनिटं एकाच विषयावर बोलतो आणि मंत्र्याला त्याच विषयावर उत्तर द्यावंच लागतं, म्हणजे खात्यातल्या कुणाला तरी त्या विषयाची फाईल काढून वाचावी लागते. (उत्तर आयर्लंडचे जिम शॅनन या चर्चांमध्ये जवळपास दर वेळी उठून मध्येच दोन वाक्यं बोलतात. ते उठले नाहीत तर सभागृहाला चुकल्याचुकल्यासारखं होतं, हा जुना विनोद आहे.)

तुमचा खासदार सत्ताधारी पक्षाचा असेल तर आणखी एक दार आहे, ज्याची नोंद कुठेच होत नाही. सभागृहात मतदान बटण दाबून होत नाही. खासदार चालत लॉबीतून जातात, मंत्रीही जातात. घडी घातलेलं पत्र मंत्र्याच्या हातात देण्याची ती जागा. विरोधी बाकांवरच्याला आवाज चढवता येतो, सत्ताधाऱ्याला मंत्र्याला कोपऱ्यात गाठता येतं. प्रतोदाच्या धाकामुळे सत्ताधारी मागच्या बाकावरचे जाहीर गप्प बसतात, म्हणून ते काहीच करत नाहीत असं समजू नका. अर्थात काही जण खरंच काही करत नाहीत.

मग समित्या. आरोग्य आणि सोशल केअर समितीत अकरा सदस्य असतात. २०१०पासून समितीचा अध्यक्ष सगळं सभागृह गुप्त मतदानाने निवडतं, पक्षश्रेष्ठी नेमत नाहीत. या एका बदलाने मागच्या बाकांना जितकं बळ दिलं तितकं दुसऱ्या कशाने दिलं नसेल. सहा वर्षं आरोग्यमंत्री राहिलेले जेरेमी हंट २०२०मध्ये याच समितीचे अध्यक्ष झाले आणि आपल्याच पक्षाच्या सरकारची कोविडची हाताळणी तपासणाऱ्या ऑक्टोबर २०२१च्या संयुक्त अहवालावर दोन अध्यक्षांपैकी एक म्हणून त्यांची मोहोर होती. गोव्याच्या मुळाच्या कुटुंबातल्या, वॉल्सॉलच्या खासदार व्हॅलरी वाझ २०१० ते २०१५ या समितीवर होत्या. मे २०२५मध्ये लायला मोरन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सोशल केअरवर जो अहवाल दिला त्याचा रोख मला फार आवडला. सुधारणेला किती खर्च येईल हे सगळेच विचारतात, समितीने विचारलं की सुधारणा न केल्याचा खर्च किती, आणि तो सरकारने मोजलाय का?

या प्रश्नामागे इतिहास आहे. सोशल केअरच्या खर्चाचा विचार करायला नेमलेल्या डिल्नॉट आयोगाने २०११मध्ये सुचवलं की आयुष्यभरात सोशल केअरवर माणसाने साधारण ३५,००० पौंडांपर्यंतच खर्च करावा, पुढचा सरकारने. २०१४मध्ये कायदा झाला, मर्यादा ७२,००० ठरली, २०१६मध्ये लागू व्हायची होती. पुढे ढकलली, मग सोडूनच दिली. २०२१मध्ये ८६,००० म्हणून पुन्हा आणली, २०२३वरून २०२५वर नेली, आणि जुलै २०२४मध्ये नव्या सरकारने रद्द केली. आता लुईस केसी यांचा आयोग बसला आहे, त्याचा अंतिम टप्पा २०२८पर्यंत. कुठल्याही एका पक्षाला यात दोष देऊन मोकळं होता येत नाही. मतदाराला पाच वर्षांच्या आत दिसेल असं इथे काही घडत नाही, आणि म्हणूनच हा विषय सरकारांपेक्षा चिवट खासदारांच्या हाती जास्त टिकतो.

चिवटपणाचं उदाहरण म्हणजे दूषित रक्ताचं प्रकरण. १९७०-८०च्या दशकांत हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना एनएचएसने जे रक्त गोठवणारं औषध दिलं, त्यातलं बरंच अमेरिकेतून आलेलं होतं. हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून ते बनवत, आणि पैसे घेऊन रक्त देणारे, तुरुंगातले कैदीही त्या देणाऱ्यांत होते. रक्त चढवलेल्या इतर रुग्णांसह सुमारे ३०,००० लोकांना एचआयव्ही किंवा हेपेटायटिसची लागण झाली आणि ३,०००हून अधिक मेले. एकामागून एक आलेली सरकारं सांगत राहिली की त्या काळातले उत्तमोत्तम उपचार या रुग्णांना मिळाले होते. मंत्री बदलले, पक्ष बदलले, वाक्य तेच. अधिकाऱ्यांनी लिहून दिलेली ओळ पत्रांतून आणि संसदेतल्या उत्तरांतून पुढे सरकत राहिली.

हल शहरातल्या खासदार डायना जॉन्सन यांच्याकडे हा विषय मतदारसंघातल्या एका पीडिताच्या तक्रारीतून आला, तुमच्यासारख्याच पत्राने म्हणा. त्यांनी सर्वपक्षीय गट चालवला, चर्चा मागितल्या, प्रश्न विचारले. एप्रिल २०१७मध्ये माजी आरोग्यमंत्री अँडी बर्नहॅम यांनी सभागृहातल्या आपल्या निरोपाच्या भाषणात हे प्रकरण दडपलं गेल्याचा उघड आरोप केला. पण निर्णायक गोष्ट त्या जूनमध्ये घडली: निवडणुकीत पंतप्रधान थेरेसा मे यांचं बहुमत गेलं आणि सरकार उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या टेकूवर आलं. जॉन्सन यांनी डीयूपीसह सहाही बिगरसरकारी पक्षांच्या नेत्यांच्या सह्यांचं पत्र पंतप्रधानांना धाडलं आणि ११ जुलैला तातडीची चर्चा मिळवली. चर्चा सुरू होण्याच्या काही तास आधी सरकारने चौकशी जाहीर केली. लोक याला नैतिक विजय म्हणतात, तो होताही, पण मला त्यातलं गणित जास्त शिकवून गेलं. कागद वर्षानुवर्षं तयार होता, म्हणून आकडे जुळले त्या आठवड्यात तो टेबलावर टाकता आला.

पुढे भरपाईसाठी स्वतंत्र यंत्रणा नेमण्याची दुरुस्ती जॉन्सन यांनी ४ डिसेंबर २०२३ला मांडली. सत्ताधारी पक्षातल्या काही खासदारांनीही पक्षादेश मोडला आणि ती २४६ विरुद्ध २४२ अशी मंजूर झाली. २० मे २०२४ला चौकशीचे प्रमुख ब्रायन लँगस्टाफ यांचा अंतिम अहवाल आला आणि त्यांनी ते 'उत्तमोत्तम उपचारां'चं वाक्यच खोटं ठरवलं. खात्यात ठरवून दिलेली उत्तरं तपासल्याशिवाय कशी पुन्हा पुन्हा वापरली गेली, यावर कोरडे ओढले. मंत्र्यांनी दिलेली उत्तरं हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या छापील इतिवृत्तात, छापलेली होती, म्हणून ते दाखवता आलं. ज्या खासदारांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात प्रश्न विचारून पोकळ उत्तरं घेतली, त्यांना तेव्हा हात हलवत परतल्यासारखं वाटलं असणार. भरपाईचं काम त्यानंतरही रेंगाळलंच, इतकं की जुलै २०२५मध्ये लँगस्टाफ यांना त्यावर जादा अहवाल द्यावा लागला.

कायदा करण्याचं म्हणाल, तर मागच्या बाकावरच्याला अशासकीय विधेयकाची सोडत असते. वीस नावं निघतात, वरची पाच-सात सोडली तर बाकीच्यांना आशा कमीच. १९६९मध्ये मँचेस्टरच्या आल्फ मॉरिस यांचं नाव पहिलं निघालं. त्यांनी अपंग आणि दीर्घकाळ आजारी माणसांसाठी विधेयक आणलं, ते मे १९७०मध्ये, निवडणुकीसाठी संसद विसर्जित होण्याच्या तोंडावर मंजूर झालं. आपल्या हद्दीत अपंग किती आहेत हे शोधून काढण्याची आणि गरज असेल त्यांना घरी मदत देण्याची जबाबदारी कौन्सिलांवर त्याने टाकली. आज सासूबाईंना 'तुमच्या गरजांची पाहणी करू' असं कौन्सिल म्हणते, त्याची मुळं तिथवर जातात. पुढे हेच मॉरिस लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, गेले आणि हिमोफिलिया सोसायटीचे अध्यक्ष म्हणून दूषित रक्ताच्या पाठी लागले.

आता तुम्ही काय करायचं. खासदाराला लिहिताना पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड द्या. दुसऱ्याच्या मतदारसंघातलं काम घ्यायचं नाही हा संकेत सगळे पाळतात. नागरिकत्वाची भीती नको. मतदारसंघात राहणारा माणूस मतदार नसला तरी खासदार मदत करतो, आणि राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून, तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना तर संसदेच्या निवडणुकीत मतही देता येतं. हे आपल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. सासूबाईंची सही असलेलं संमतिपत्र सोबत जोडा, त्याशिवाय इस्पितळ खासदाराशी एक अक्षर बोलणार नाही.

पत्र एका पानाचं. तारखा ओळीने: शस्त्रक्रिया कधी, 'घरी जाऊ शकता' कधी, कौन्सिलची पाहणी कधी, कोणी कोणाकडे बोट दाखवलं. मग एकच मागणी: आमच्या इस्पितळात या कारणाने किती जण अडकतात हे मंत्र्यांना विचारा. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर फिरवून पन्नास जणांनी पाठवू नका. असे मेल कार्यालयात मोजले जातात, वाचले जात नाहीत. त्याऐवजी ग्रुपवर अशीच वेळ आलेले दोघे-तिघे सापडले तर त्यांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या तारखांसह लिहावं. एकाच इस्पितळाबद्दल वेगवेगळ्या हातची तीन पत्रं आली की संशोधकाचे कान टवकारतात.

इस्पितळाकडे आणि कौन्सिलकडे औपचारिक तक्रार आधी केलेली असू द्या आणि तिचा क्रमांक पत्रात घाला. कौन्सिलच्या उत्तराने समाधान झालं नाही तर स्थानिक शासन आणि सोशल केअरचा लोकपाल वेगळा, एनएचएसचा वेगळा, आणि दोघांकडेही तुम्ही थेट जाऊ शकता. कौन्सिलने घरी आल्यानंतरची सहा आठवड्यांपर्यंतची मोफत मदत, तिथे तिला रीएबलमेंट म्हणतात, दिली होती का तेही तपासा. दिली नसेल तर तो मुद्दा पत्रात वर घ्या.

तुमच्या ओळखीतलं कुणी केअर होममध्ये नोकरीला असेल तर समितीचं पान अधूनमधून पाहायला सांगा. चौकशी सुरू झाली की लेखी निवेदन कोणीही देऊ शकतं. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, आणि समितीने ते पुरावा म्हणून स्वीकारलं की त्यासाठी कोर्टात खेचलं जाण्यापासून संसदेचं संरक्षण मिळतं. केअर वर्करच्या व्हिसावर आलेल्यांना ११ मार्च २०२४पासून कुटुंब आणता येत नाही आणि २२ जुलै २०२५पासून परदेशातून नवी भरतीच बंद आहे. त्याचा प्रत्यक्ष ड्युटीच्या याद्यांवर काय परिणाम झाला हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? मात्र समिती एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, म्हणून निवेदनात स्वतःचा न्याय मागण्यापेक्षा कामाच्या जागी काय चालतं ते लिहावं.

आणि जुलैच्या अखेरीला संसदेला उन्हाळी सुट्टी लागते, मग सप्टेंबरपर्यंत प्रश्नांची गाडी जवळपास थांबलेली असते. पत्र त्याआधी महिनाभर तरी पोचू द्या.